जंगल एकाचं, काळजी जगाची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलांबाबतच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा विषय निघाला की विद्यार्थी एक विचारतात, लाकडाचे व्यापारी दुसरं आणि ग्रामसभेतले लोक तिसरंच. पण बारा-चौदा प्रश्न सगळीकडे हमखास येतात. ते आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खरंच बरंच आहे.

शाश्वत वन व्यवस्थापन म्हणजे झाडं तोडायचीच नाहीत, असंच ना?

नाही. व्याजावर जगायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही, इतकंच. बांबू तोडणाऱ्या कुणालाही विचारा. बेटातला यंदाचा कोंब आणि गेल्या वर्षीची कोवळी काठी ठेवायची, जून झालेल्या काठ्या काढायच्या. बेट जगतं आणि दरवर्षी देतं. सगळं एकदम भुईसपाट केलं तर एक वर्ष पैसा दिसतो आणि मग हात चोळत बसावं लागतं.

ही गोष्ट कागदावर आली ती खाणींमुळे. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा तिथल्या खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ याने १७१३ मध्ये वनशेतीवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. जेवढं वाढतं तेवढंच काढा, हा त्याचा गाभा. म्हणजे 'शाश्वत' या शब्दाचा उगम निसर्गप्रेमात नाही, टंचाईत आहे. आजच्या व्याख्येत लाकडाच्या जोडीला पाणी, माती, जीवजंतू आणि जंगलावर जगणारी माणसंही आली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या दस्तऐवजात आर्थिक, सामाजिक आणि पर्यावरणीय अशी तिन्ही मूल्यं टिकवण्याची भाषा आहे. भाषा छानच आहे. प्रश्न ती कोण पाळतो, हा आहे.

जंगल ज्याच्या देशात त्याचं. बाकीच्यांनी त्यात नाक का खुपसायचं?

कारण जंगल तोडणारी कुऱ्हाड एका देशात असते आणि तिला धार लावणारं गिऱ्हाईक दुसऱ्या देशात. जगात जी जंगलं साफ होतात त्यातली जवळपास ९० टक्के शेतीसाठी, म्हणजे पीक किंवा चराईसाठी होतात, असं एफएओचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचं २०२१ चं उपग्रह सर्वेक्षण सांगतं. गाईचं मांस, सोयाबीन, पामतेल ही मोठी नावं.

पामतेल जगात सर्वांत जास्त आयात करणारा देश आपला. त्यातलं बरंचसं इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं आणि फरसाणाच्या कढईत जातं. तेव्हा बोर्निओतलं जंगल हा आपल्या चिवड्याशी संबंध नसलेला विषय आहे, असं म्हणता येत नाही. सागवानाचंही तसंच. गांधीधामच्या लाकूडबाजारात इक्वेडोर, पनामा, घाना, टांझानिया इथला साग उतरतो आणि तिथून आपल्या दारांच्या चौकटींत बसतो.

दुसरं कारण पावसाचं. ॲमेझॉनच्या झाडांनी हवेत सोडलेली वाफ वाऱ्यावर दक्षिणेकडे जाते आणि पॅराग्वे, उत्तर अर्जेंटिना इथल्या शेतांवर पडते. तिसरं कारण कार्बनचं: उभ्या झाडांत तो साठून राहतो, जंगल जळलं की हवेत जातो. त्याच्याकडे पुढे येऊच.

जंगल म्हणजे नेमकं काय? आंबराई धरतात का?

भारतात धरतात, एफएओ धरत नाही. हा फरक लक्षात न घेता आकडे वाचले की गोंधळ होतो.

एफएओच्या लेखी अर्ध्या हेक्टरपेक्षा जास्त जागा, पाच मीटरपेक्षा उंच झाडं आणि जमिनीचा दहा टक्क्यांहून जास्त भाग झाकणारं छत्र असेल तर ते जंगल. मात्र शेती आणि फळबाग त्यात येत नाही. आपली भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहाच्या चित्रावर एक हेक्टर आणि दहा टक्के छत्र एवढंच बघते. झाड कशाचं आणि जमीन कुणाची, हे बघत नाही. त्यामुळे कोकणातली दाट कलमांची बाग, नारळाची वाडी, निलगिरीची लागवड हे सगळं 'वनाच्छादना'त येऊ शकतं. २०२३ च्या अहवालात भारताचं वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के आहे. तो आकडा खोटा नाही, पण तो कशाचा आहे हे ठाऊक असावं.

जगाचा हिशोब एफएओने २०२५ मध्ये दिला: ४.१४ अब्ज हेक्टर, म्हणजे जमिनीचा साधारण ३२ टक्के भाग. त्यातलं निम्म्याहून जास्त रशिया, ब्राझील, कॅनडा, अमेरिका आणि चीन या पाच देशांत. १९९० च्या दशकात वर्षाला १.७६ कोटी हेक्टर जंगल साफ होत होतं, गेल्या दशकात १.०९ कोटी. वेग कमी झाला, थांबलेला नाही.

हवामानाचा करार आहे, जैवविविधतेचा आहे. मग जंगलांचा का नाही?

प्रयत्न झाला आणि फसला. १९९२ मध्ये रिओ द जनेरोला वसुंधरा परिषद भरली तेव्हा श्रीमंत देशांना जंगलांवर बंधनकारक करार हवा होता. मलेशिया आणि भारत यांनी विकसनशील देशांच्या बाजूने तो अडवला. कमलनाथ तेव्हा आपले पर्यावरणमंत्री होते. आपली बाजू थोडक्यात अशी: तेलाच्या विहिरी जगाच्या सामाईक मालकीच्या नाहीत, मग आमची जंगलंच तेवढी जगाची कशी? तुम्ही तुमची कधीच तोडून श्रीमंत झालात, आता आम्ही राखायची, आणि तीही फुकट?

या युक्तिवादात दम होता, असं माझं मत आहे. मात्र तो करणाऱ्या सरकारांनी आपापल्या देशात जंगलातल्या माणसाला हाच न्याय लावला का, हे विचारलं की पंचाईत होते.

शेवटी हाती आलं ते 'वन तत्त्वां'चं निवेदन. त्याच्या शीर्षकातच 'कायद्याने बंधनकारक नसलेलं' असं लिहिलेलं आहे. पुढे २००० मध्ये संयुक्त राष्ट्रांचा वन मंच स्थापन झाला, २००७ मध्ये वर उल्लेखलेला दस्तऐवज आला, २०१७ मध्ये २०३० पर्यंतची योजना आली. तिच्यात सहा उद्दिष्टं, २६ लक्ष्यं. त्यातलं एक, जगातलं वनक्षेत्र तीन टक्क्यांनी वाढवायचं. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये या मंचाची एक बैठक देहरादूनला झाली. नाही पाळलं तर काय? काही नाही. अहवालात लिहून येतं.

मग बंधनकारक असं काहीच नाही?

आहे, पण तुकड्यातुकड्यांत. योकोहामाला कार्यालय असलेली आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटना १९८६ पासून आहे. तिच्यात लाकूड विकणारे देश आणि घेणारे देश यांना मतं समसमान वाटलेली आहेत. विकणारा आणि घेणारा एकाच टेबलावर, ही तिची खरी कमाई. बाकी तिचा आवाज लहानच.

खरे दात आहेत ते साइट्स कराराला. धोक्यात आलेल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा हा १९७३ चा करार, भारत त्यात १९७६ पासून आहे. यादीत आलेली जात परवान्याशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. पण दात असले की कधी नको तिथेही चावा बसतो. आपल्या शिसवाचं तेच झालं.

चीनमध्ये लालसर लाकडाच्या पारंपरिक फर्निचरची हौस वाढली आणि मादागास्कर, ग्वाटेमाला, लाओस इथल्या शिसव जातींवर संकट आलं. बंदरावरचा कस्टमवाला फळी बघून ही जात कुठली ते ओळखणार कसा? म्हणून २०१६ च्या जोहान्सबर्ग परिषदेने डालबर्जिया हा सगळा वंशच यादीत टाकला. नियम जानेवारी २०१७ पासून लागू झाला. त्यात उत्तर प्रदेश-बिहारच्या बांधाबांधावर उगवणारी शिशमही आली. शिशम काही दुर्मीळ नाही. तरी सहारनपूरच्या कारागिराने कोरलेल्या पेटीलाही कागद लागू लागले. वर्षाला हजार कोटींच्या आसपास असलेली निर्यात पाच-सहाशे कोटींवर आली, असं सरकारनेच सांगितलं. शिशम यादीतून काढा म्हणून भारताने २०१९ मध्ये मागणी केली, ती फेटाळली गेली. २०२२ मध्ये पनामात तोडगा निघाला: दहा किलोपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक वस्तूला साइट्सचा परवाना नको, आणि खेप एकत्र गेली तरी वजन वस्तूमागे धरायचं. सहा वर्षं गेली एवढं ठरायला. दरम्यान कितीजणांनी रंधा खाली ठेवला, त्याची यादी कुणी केली नाही.

युरोपच्या नव्या नियमाची एवढी चर्चा का? आपल्याला लागू होतो का?

युरोपात माल विकायचा असेल तर होतो. २०२३ चा हा नियम सात गोष्टींना लागतो: गुरं, कोको, कॉफी, पामतेल, रबर, सोया आणि लाकूड, आणि त्यांपासून बनलेल्या बऱ्याच वस्तूंना. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल साफ केलेल्या जमिनीवरचा माल युरोपात येता कामा नये. ते सिद्ध करायचं कसं? ज्या तुकड्यात पीक आलं त्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे. तुकडा चार हेक्टरांपेक्षा मोठा असेल तर त्याची पूर्ण हद्दच नकाशावर आखून द्यायची.

आपल्याकडे याची झळ पहिली लागली ती कोडगू-चिकमगळूरच्या कॉफीवाल्यांना, कारण भारतीय कॉफीचं मोठं गिऱ्हाईक युरोप, त्यातही इटली. २०२५ च्या मे महिन्यात युरोपने देशांची जोखीम ठरवली तेव्हा भारत 'कमी जोखमी'त बसला. त्यामुळे तपासणी हलकी झाली, पण जमिनीचा पत्ता द्यावा लागतोच. नियमाची अंमलबजावणी आतापर्यंत दोनदा पुढे गेली आहे. मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी आता ३० डिसेंबर २०२६ ही तारीख आहे, लहान आणि अगदी छोट्या कंपन्यांसाठी ३० जून २०२७.

याला सहकार्य म्हणायचं का? मला विचाराल तर ही एकतर्फी अट आहे. तिचा हेतू योग्य आहे, पण खर्च सर्वांत लहान शेतकऱ्याच्या गळ्यात पडण्याची भीती खरी आहे. सहकार्याचा जास्त चांगला नमुना युरोपकडेच आधीपासून होता. तो पुढच्या उत्तरात.

लाकूड चोरीचं नाही, हे परदेशातल्या ग्राहकाला कसं कळतं?

आपल्याकडच्या सरकारी लाकूड डेपोत कधी गेलात तर ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाकडे बघा. हातोडा मारून उठवलेला शिक्का असतो, शेजारी क्रमांक आणि गोलाई. ट्रक बाहेर पडताना ड्रायव्हरच्या खिशात वाहतूक परवाना, बोलीत टीपी. शिक्का आणि टीपी जुळली की माल खरा. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासूनची. नाक्यावरचा माणूस प्रामाणिक असेल तोवर ती चालते.

इंडोनेशियाने २००९ च्या सुमारास हेच देशभर नव्याने उभारलं, बारकोड आणि बाहेरच्या लेखापरीक्षकांसह. एका गोष्टीने ते वेगळं ठरलं. कुठल्याही स्थानिक संघटनेला कागद मागण्याचा आणि तक्रार करण्याचा अधिकार नियमातच दिला. युरोपने त्यांच्याशी भागीदारी करार केला, वर्षानुवर्षं तपासणी झाली, आणि १५ नोव्हेंबर २०१६ पासून इंडोनेशियाचा परवाना असलेलं लाकूड युरोपात आणखी चौकशीशिवाय जाऊ लागलं. असा परवाना देणारा तो जगातला पहिला देश. करारासाठी दोन्हीकडून घाम गाळला गेला, म्हणून हे सहकार्य.

अमेरिकेचा रस्ता वेगळा. तिथे १९०० सालचा लेसी कायदा २००८ मध्ये झाडांनाही लावला. दुसऱ्या देशाचा कायदा मोडून तोडलेलं लाकूड अमेरिकेत आणणं हा अमेरिकेतही गुन्हा. एका नामांकित गिटार कंपनीला २०१२ मध्ये मादागास्करच्या एबनीवरून तीन लाख डॉलर दंड भरून प्रकरण मिटवावं लागलं.

पैसे दिले की जंगल वाचतं का?

ब्राझीलकडे बघा. या एका उदाहरणात यशही आहे, अपयशही आणि कारणंही.

२००४ मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनमध्ये एका वर्षात २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल साफ झालं. २०१२ मध्ये तो आकडा ४,५७१ वर आला. मधल्या काळात काय झालं? मरिना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना २००४ मध्ये सरकारने कृती आराखडा काढला. त्याच वर्षी देशाच्या अवकाश संशोधन संस्थेने, इन्पेने, उपग्रहावरून झटपट इशारे द्यायला सुरुवात केली. २००६ मध्ये नव्याने तोडलेल्या जमिनीवरचं सोयाबीन घेणार नाही, असं व्यापाऱ्यांनी ठरवलं. २००८ मध्ये जास्त तोड होणाऱ्या तालुक्यांची काळी यादी लागली आणि बेकायदा जमिनीवर बँकेचं शेतीकर्ज बंद झालं. कर्ज बंद झालं की माणूस ऐकतो, हे आपल्याला सांगायला नको.

नॉर्वेचे पैसे आले ते यानंतर. २००८ मध्ये 'ॲमेझॉन निधी' उभा राहिला, नॉर्वेने एक अब्ज डॉलरपर्यंत देण्याचं कबूल केलं, पुढे जर्मनी आली. अट सोपी: आधी तोड कमी करून दाखवा, ती मोजली जाईल, मग पैसे. आणि पैसे ब्राझीलच्याच विकास बँकेकडे. कुठे खर्चायचे ते ब्राझील ठरवणार. वणवा विझवणारी पथकं, आदिवासी प्रदेशांची राखण, जमिनीची नोंदणी अशा कामांना ते गेले. ही नोंदणी समजायला आपला सातबारा डोळ्यांसमोर आणा, पण प्रत्येक मालकाच्या जमिनीत जंगल किती आणि कुठे ते नकाशावर आखलेलं. ॲमेझॉनच्या वनप्रदेशात खासगी मालकालाही ८० टक्के जमीन जंगल म्हणून राखावी लागते, म्हणून ही नोंद महत्त्वाची. नॉर्वे स्वतः तेल आणि वायू विकून श्रीमंत झालेला देश आहे, हे जाता जाता नमूद करतो. यातून काय ते ज्याचं त्याने ठरवावं.

मग २०१९ आलं. नव्या सरकारने निधीच्या समित्या बरखास्त केल्या, निधी गोठला. इन्पेचे आकडे वाढलेले दिसले तेव्हा अध्यक्ष बोल्सोनारो यांनी आकड्यांवरच संशय घेतला आणि ऑगस्टमध्ये संस्थेचे संचालक रिकार्डो गॅल्व्हाव यांना पद सोडावं लागलं. २०२१ मध्ये तोड १३,०३८ चौरस किलोमीटर झाली. पण एक गोष्ट सरकारलाही करता आली नाही: आकडे लपवणं. ते वर्षानुवर्षं जाहीर होत होते, जगभरचे लोक तेच वापरत होते. १ जानेवारी २०२३ ला लुला यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली त्याच दिवशी निधी पुन्हा सुरू केला. २०२४ मध्ये आकडा ६,२८८, २०२५ मध्ये ५,७९६.

यातून मी काढतो तो अर्थ असा. जंगल वाचवलं ब्राझीलच्या कायद्याने आणि अधिकाऱ्यांनी. परक्या पैशाने त्यांना बळ दिलं, त्यांची जागा घेतली नाही. सरकार फिरलं तेव्हा पैसा हतबल झाला. टिकलं काय, तर उघड मोजमाप.

या मोजमापात भारताचा काही हात आहे का?

आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे. २८ फेब्रुवारी २०२१ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५१ उडालं. त्यातला मुख्य प्रवासी होता 'ॲमेझोनिया-१', ब्राझीलने संपूर्णपणे स्वतः बनवलेला पहिला पृथ्वी-निरीक्षण उपग्रह, वजन ६३७ किलो. काम मुख्यतः ॲमेझॉनची तोड बघणं. त्याच्या आधीपासूनच इन्पेची इशारा यंत्रणा आपल्या रिसोर्ससॅट-२ ची चित्रं वापरत होती.

ॲमेझोनिया-१ च्या कॅमेऱ्याचा एक ठिपका जमिनीवरचे ६४ मीटर बाय ६४ मीटर दाखवतो. गुणाकार केला तर जवळपास बरोब्बर एक एकर. म्हणजे कुणी एका एकरावरचं जंगल उतरवलं की पडद्यावरचा एक ठिपका रंग बदलतो. एवढ्याशा एका ठिपक्यावरून खात्री होत नाही, पण शेजारचे पाच-दहा ठिपके पांढुरके झाले की पथकाला निरोप जातो. कॅमेऱ्याचा पट्टा साडेआठशे किलोमीटर रुंद, त्यामुळे पाच दिवसांत तोच ठिपका पुन्हा नजरेखाली. गावच्या पारावर बसून सगळी शिवारं दिसावीत, तसं.

ग्लासगोला शंभरावर देशांनी जंगल वाचवण्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. भारताने का नाही?

नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आलेल्या त्या जाहीरनाम्यात २०३० पर्यंत जंगलतोड थांबवून ती उलटवण्याचं वचन होतं आणि १४० हून अधिक देश त्यात आले. मजकुरात व्यापार जंगलांशी जोडला होता, त्याला भारताची हरकत होती. युरोपचा नियम नंतर आला तेव्हा ती शंका अगदीच अनाठायी नव्हती, हे दिसलं.

तिथेच आदिवासी आणि स्थानिक समाजांसाठी १.७ अब्ज डॉलरची घोषणा झाली. पहिल्या वर्षी त्यातले जेमतेम सात टक्के थेट त्यांच्या संघटनांच्या हाती पडले. बाकीचे मधल्या संस्थांमार्फत गेले.

बेलेमला घोषित झालेला नवा निधी काय आहे?

नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्राझीलने आपल्या बेलेम शहरात उष्णकटिबंधीय जंगलांसाठी कायमस्वरूपी निधीची सुरुवात केली. कल्पना मुदत ठेवीसारखी आहे. सरकारांकडून २५ अब्ज डॉलर, त्यावर विसंबून खासगी गुंतवणूकदारांचे १०० अब्ज. ते जगभर गुंतवायचे, गुंतवणूकदारांचं देणं देऊन उरेल त्यातून उभ्या जंगलाला हेक्टरी वर्षाला चार डॉलर. जंगल तोडलं तर मोठी कपात. मिळालेल्यातला किमान २० टक्के वाटा आदिवासी आणि स्थानिक समाजांना. नॉर्वेने तीन अब्ज कबूल केले. एकूण वचनं साडेसहा अब्जांच्या आसपास. भारत निरीक्षक म्हणून सामील झाला.

चार डॉलर म्हणजे साडेतीनशे रुपये, त्यातला पाचवा हिस्सा सत्तर रुपये. हेक्टरमागे, वर्षाला. लाखो हेक्टर असलेल्या देशाला ही रक्कम मोठी आहे, वस्तीतल्या माणसाला ती मजुरीच्या एका दिवसाइतकीही नाही. हा दोष एकट्या या निधीचा नव्हे, पण हिशोब डोळ्यांसमोर असावा.

वही किंवा टिश्यू पेपरवरचं झाडाचं चिन्ह म्हणजे काय?

बहुतेक वेळा ते एफएससीचं, म्हणजे फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचं असतं. लाकूड किंवा लगदा नीट राखलेल्या जंगलातला आहे, याची ती ग्वाही. रिओत करार फसल्यावर सरकारांची वाट न बघता पर्यावरण संस्था, व्यापारी आणि समाजगट यांनी १९९३ मध्ये ही संस्था उभी केली. दुसरी मोठी पद्धत पीईएफसी, १९९९ ची. २०२३ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने आपली स्वतःची प्रमाणन योजनाही आणली. चिन्हावर 'मिश्र' लिहिलं असेल तर सगळा लगदा प्रमाणित जंगलातला नसतो, एवढं वाचून घ्या.

योगायोग असा की एफएससीचं मुख्यालय जर्मनीतल्या बॉनला आहे आणि भारताचे पहिले वनमहानिरीक्षक डिट्रिख ब्रँडिसही बॉनचेच. ब्रह्मदेशातल्या सागवानाची मोजदाद करणारा हा वनस्पतिशास्त्रज्ञ १८६४ मध्ये भारताच्या वनखात्याचा प्रमुख झाला. किती तोडायचं याचा हिशोब तेव्हा परदेशातून आला, आणि त्याच्या मागोमाग गावाचा जंगलावरचा हात सोडवणारे कायदेही आले.

महाराष्ट्रात परदेशी मदतीतून कधी काही झालं का?

१९९२ पासून काही वर्षं जागतिक बँकेच्या कर्जातून राज्यात वनप्रकल्प चालला. संयुक्त वन व्यवस्थापनाच्या, म्हणजे वनखातं आणि गाव यांनी मिळून जंगल राखायच्या समित्या तेव्हाच रुजल्या. लागवड बरीच झाली. पण समिती खात्याची आणि मालकीही खात्याचीच. म्हणून प्रकल्प आटोपल्यावर अनेक समित्या फलकापुरत्या उरल्या.

उलट गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा बघा. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं गाव. देवाजी तोफा आणि ग्रामसभेने आधी अभ्यास केला, जंगल राखलं, आणि वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबू बाहेर न्यायला परवाना वनखात्याकडेच. बांबू हे लाकूड, की गावाच्या हक्कात येणारं गौण वनोपज, यावर भांडण. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. तीच ती टीपी, फक्त सही करणारा हात बदलला.

नेपाळमध्ये हा हात कायद्यानेच बदलला. तिथे ऑस्ट्रेलियाच्या मदतीने १९७० च्या दशकात काव्रे आणि सिंधुपाल्चोकच्या डोंगरांवर झाडं लावायला सुरुवात झाली, आणि गावाला विचारल्याशिवाय झाड जगत नाही हे दोन्ही देशांच्या वनाधिकाऱ्यांना तिथे उमगत गेलं. १९९३ च्या वन कायद्याने उपभोक्ता गटांना जंगल सोपवलं; आज असे २२ हजारांवर गट आहेत.

आमच्या गावात कार्बन क्रेडिटवाली कंपनी आली आहे. करार करावा का?

कार्बन क्रेडिट म्हणजे झाडांनी साठवलेल्या कार्बनचं विकता येणारं प्रमाणपत्र. हे याच साखळीचं शेवटचं टोक. २००५ मध्ये पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी हवामान परिषदेत मांडलं की जंगल न तोडण्याचेही पैसे मिळावेत. त्यातून रेड-प्लस ही पद्धत आली. त्याचे नियम २०१३ मध्ये वॉर्साला ठरले, २०१५ च्या पॅरिस हवामान कराराच्या पाचव्या कलमात ती बसली. भारताची रेड-प्लस रणनीती २०१८ ची. पण दारात आलेली कंपनी बहुधा यातली नसते. ती खासगी बाजारात क्रेडिट विकणारी असते.

नाही म्हणा, असं मी सांगणार नाही. सही करण्यापूर्वी ग्रामसभेत कागद मराठीतून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावा. मुदत किती? वीस, तीस, चाळीस वर्षं असू शकते, म्हणजे सही तुमची आणि बंधन नातवंडांवर. क्रेडिट किती रुपयांना विकलं ते गावाला कळणार का, की फक्त 'नफ्याचा वाटा' एवढंच लिहिलंय? खर्च आधी कापणार की नंतर? झाडं कोण मोजणार आणि तो आकडा ग्रामसभेला कधी दाखवणार? वणवा लागला तर भरपाई कुणी कुणाला द्यायची? जळण, मोहफूल, तेंदू, चराई यांवर काही अट आहे का? भांडण झालं तर खटला गडचिरोलीत चालणार की सिंगापुरात?

सामूहिक वनहक्काची जमीन असेल तर निर्णय ग्रामसभेचा, एकट्या सरपंचाचा नाही. आणि पाहुणे घाईत असतील, 'आजच सही करा, नाहीतर शेजारचं गाव तयार आहे' म्हणत असतील, तर त्यांना चहा पाजा आणि शेजारच्या गावाला पाठवा.